वरची काच, बाजूची काच

‘डोक्यावर छप्पर असावे’ हे मराठी माणसाचे फार जुने आणि फार साधे मागणे आहे. ज्याला ते नाही, त्याला आपण ‘उघड्यावर पडला’ म्हणतो. आभाळ हा शब्दसुद्धा आपल्या बोलण्यात बहुधा संकटाचा हात धरून येतो. आभाळ कोसळते, आभाळ फाटते. आणि फाटल्यावर ठिगळ कुठेकुठे लावायचे, असा प्रश्न आपणच कपाळाला हात लावून विचारतो. अशा भाषेत वाढलेल्या माणसाने पदरचे पैसे घालून, महिनोन्महिने वाट पाहून, आपल्या डोक्यावरचे छप्पर काढून टाकावे आणि तेथे काच बसवून घ्यावी, ही गोष्ट मला तरी विचार करायला लावते.

मी बोलतो आहे तो मोटारीच्या काचेच्या छताबद्दल. फराळाच्या ताटाशी बसून वाचायला हा विषय कुणाला रुक्ष वाटेल. कुणी म्हणेल, मास्तरांच्या दारात सायकल, आणि हे मोटारीच्या छतावर लिहिताहेत! पण सायकलवाल्याला वरचे आभाळ मोटारवाल्यापेक्षा अधिकच परिचयाचे असते, तेव्हा माझा अधिकार अगदीच नाही असे नव्हे. शिवाय यंदाच्या पाडव्याला पुण्यात ज्या ज्या घरी नवी गाडी येईल, त्यांतल्या पुष्कळ घरी ‘वरची काच घ्यायची की नाही’ हा वाद होऊन गेलेला असेल. घरगुती वादांत कधीकधी चांगले मोठे प्रश्न दडलेले असतात. वाद मिटतो, गाडी येते, पेढे वाटले जातात, आणि प्रश्न तसाच राहून जातो.

माझ्या साडूंच्या घरी हा वाद झाला. ते एका कारखान्यात हिशेबाच्या खात्यात आहेत. माणूस काटकसरी, पण कोत्या मनाचा नव्हे. गाडी ठरवायला जाताना त्यांनी मलाही बरोबर नेले. सल्ल्यासाठी नव्हे, सोबतीसाठी. विक्रेता पोरगा मोठा चलाख होता. इंजिनाबद्दल त्याने दोन वाक्ये सांगितली, ब्रेकबद्दल एक, आणि मग एक बटण दाबले. छताच्या आतला पडदा सरसर मागे गेला, आणि पुढच्या बैठकीपासून मागच्या बैठकीपर्यंत सबंध छत काचेचे झाले.

“याला पॅनोरमिक म्हणतात, सर,” तो म्हणाला. “फक्त खालच्या मॉडेलमध्ये ही काच येत नाही. त्यासाठी तुम्हाला वरच्या मॉडेलला जावं लागेल.”

आकाश पाहायचे तर वर जावे लागणारच, असे माझ्या ओठांवर आले होते. पण साडूंच्या चेहऱ्याकडे पाहून मी ते गिळले. ते वर पाहत होते. वर दुकानाचे पत्र्याचे छप्पर आणि एक ट्यूबलाइट, एवढेच दिसत होते. तरीही त्यांच्या तोंडावर लहान मुलासारखे हसू होते. आकाश नसतानाही आकाशाचा आनंद! तिथेच मला कळले की ही काच घेतली जाणार.

ही हौस आपल्याकडे तशी नवी आहे. पिंपरीच्या कारखान्यात तयार होणारी टाटांची हॅरियर जानेवारी २०१९मध्ये बाजारात आली, तेव्हा तिचे छत साध्या पत्र्याचे होते. पुढच्याच वर्षी, २०२०मध्ये, तिला काचेचे छत मिळाले. चाकणला बनणारी महिंद्रांची एक्सयूव्ही ७०० २०२१मध्ये आली, ती आपल्या महागड्या प्रकारांत ही काच घेऊनच आली. म्हणजे ज्या पुण्याच्या वाड्यांत एकेकाळी ‘कौले चाळून घ्या, पावसाळा आला’ अशी घाई होत असे, त्याच पुण्याच्या वेशीवर आज छपराला मुद्दाम मोठे भोक ठेवून त्यात काच बसवण्याचे काम अहोरात्र चालू असते.

यावर आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘नुसता दिखाऊपणा!’ आपण मराठी माणसे परक्याची हौस या एका शब्दात फार लवकर निकालात काढतो. मला हा निकाल पटत नाही. छपरातून उजेड आत घ्यावा ही इच्छा श्रीमंतांनी काल शोधून काढलेली नाही. ज्यांनी कौलारू घरे पाहिली आहेत, त्यांना काचेचे कौल आठवत असेल. घर कितीही गरिबाचे असो, स्वयंपाकघराच्या अंधारात, चुलीच्या जरा अलीकडे, मातीच्या कौलांमध्ये एखादेच काचेचे कौल बसवलेले असे. त्यातून उन्हाची एक तिरपी पट्टी खाली उतरे. त्या पट्टीत चुलीचा धूर निळसर दिसे, धुळीचे कण तरंगत. आणि ती पट्टी सारवलेल्या जमिनीवरून सरकत जाई, तशी घरातल्या बायकांना घड्याळाशिवाय वेळ कळे. त्या उजेडात तांदूळ निवडले गेले, सुईत दोरा ओवला गेला, पोराच्या पायातला काटा काढला गेला. त्या कौलाला कुणी चैन म्हटले नाही. एक कौल काचेचे असले की ती गरज, आणि सबंध छत काचेचे असले की ते पाप, असे कसे म्हणता येईल? प्रश्न काच किती मोठी हा नसून तिच्यातून येणाऱ्या उजेडाचे आपण काय करतो, हा असला पाहिजे.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. तो असा, की माणूस ही काच विकत घेतो आणि तिच्यातून पाहतच नाही. या आक्षेपाला इतिहासाचाही आधार आहे. १९५४ साली अमेरिकेत फोर्ड कंपनीने स्कायलायनर नावाची गाडी काढली. तिच्या पुढच्या बैठकीवर हिरवट रंगाच्या पारदर्शक प्लास्टिकचे छत होते. जाहिराती मोठ्या काव्यमय होत्या. पण उन्हाळा आला आणि काव्य तापू लागले. आत बसलेली माणसे घामाघूम तर झालीच, शिवाय त्या छतातून झिरपणाऱ्या उजेडात त्यांचे चेहरेही हिरवे दिसू लागले. अखेर आतून लावायचा एक पडदा कंपनीला द्यावा लागला. आकाश दाखवणारे छत आधी विकायचे आणि मग ते झाकायला पडदा विकायचा, हा व्यापार दोनतीन वर्षांत आटोपला.

तापण्याचे कारण सोपे आहे; दहावीपर्यंत जे शास्त्र मी शिकलो, तेवढ्यातही ते बसते. उन्हाचा प्रकाश काचेतून सहज आत शिरतो आणि बैठका तापवतो. तापलेल्या वस्तूंतून जी उष्णता बाहेर पडते, ती मात्र लांब लहरींची; तिला काच वाट देत नाही. त्यात आतली गरम हवाही कोंडलेली. आता काचा किंचित सावळ्या करतात, त्यांना उष्णता परतवणारे लेप देतात, गाडीत थंड हवेचे यंत्र असते. तरी पुण्याचे वैशाखातले ऊन हे ऊनच. पारा चाळिशीला टेकला, की पडदा सरकवण्यावाचून गत्यंतर नसते. साडूंच्या गाडीत तो होळीला बंद झाला, तो मृगापर्यंत उघडला नाही. रात्री उघडावा, तर शहराच्या दिव्यांनी आकाश तांबूस भुरकट झालेले. त्यात चार तारे दिसले तर नशीब. आणखी एक गोष्ट शिक्षक म्हणून सांगतो. सरकणाऱ्या काचेतून मुलांना अर्धे बाहेर उभे करून मिरवण्याची जी पद्धत लग्नसराईत आणि सणासुदीला दिसते, ती तर निव्वळ वेडेपणा आहे. गाडीला एक करकचून ब्रेक लागला, तर त्या लेकराचे काय होईल हे सांगायला कुठलेच शास्त्र नको.

पण पडदा बहुतेक काळ बंद असतो, एवढ्यावरून ती काच फुकट गेली असे ठरत नाही. घरातली पैठणी वर्षातून दोनदाच नेसली जाते. देवळाचा गाभाराही दिवसाचे कितीतरी तास बंद असतो. ज्या वेळी उघडते त्या वेळी ती गोष्ट काय देते, हे पाहिले पाहिजे. आणि ती काय देऊ शकते, हे मी पाहिले आहे.

आमच्या सासूबाईंच्या अंगावरून तीन वर्षांपूर्वी वारे गेले. उजवी बाजू लुळी पडली. मान वळवता येत नाही, फार वेळ ताठ बसवत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, पलंगावर, पंख्याखाली त्यांचे दिवस जातात. मागच्या श्रावणात साडूंनी त्यांना उचलून गाडीत ठेवले, बैठक मागे कलती केली, आणि आम्ही पौड, मुळशी करत ताम्हिणी घाटात गेलो. घाट लागल्यावर पडदा उघडला. वर धुके होते. धुक्यातून झाडांच्या ओल्या फांद्या आल्यासारख्या येत आणि मागे जात. मग पाऊस सुरू झाला. थेंब काचेवर नेमके त्यांच्या चेहऱ्याच्या वर पडत, पसरत, ओघळत. त्यांच्या अंगाला एक थेंब लागला नाही. पण तोंडावर पाऊस यावा तशा त्या डोळे मिटत आणि उघडत होत्या.

पावसात भिजल्याशिवाय पाऊस कळत नाही, असे म्हणणारे रसिक पुष्कळ आहेत. ते ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी खुशाल म्हणावे. त्या बाईंना भिजणे शक्य नव्हते. ती काच नसती, तर तो पाऊस त्यांच्यापुरता पडलाच नसता. काच आडवी येते हे खरे, पण कित्येकदा काच असते म्हणूनच पलीकडचे जग आपल्यापर्यंत येते. सुखसोयींवर सरसकट कोरडे ओढणाऱ्यांनी अशी एखादी म्हातारी डोळ्यांपुढे ठेवावी.

बऱ्याच वेळाने त्या बोलल्या. त्यांचे बोलणे आता थोडे अडखळते.

“एवढंच आभाळ होतं हो आमच्या वाड्याला,” त्या म्हणाल्या. “चौकातनं दिसायचं, ते एवढंच.”

आणि मग त्या आभाळाबद्दल काहीच बोलल्या नाहीत. माडीवरच्या शाळेतल्या बाई, जिन्याखाली मशीन घेऊन बसणारे शिंपी, मागच्या दोन खणांतल्या तिघी बहिणी, पाण्यावरून रोज भांडणारी आणि बाळंतपणात रात्रभर उशाशी बसलेली समोरची विधवा बाई, अशी एकेक नावे त्या घेत राहिल्या. त्यांतली किती माणसे आता हयात असतील कोण जाणे. शनिवार पेठेतला तो वाडा पाडून तेथे कधीच इमारत उभी राहिली आहे.

घरी येताना माझ्या मनात तेच घोळत होते. त्या आभाळापासून शेजाऱ्यांकडे इतक्या सहज कशा आल्या? विचार करता लक्षात आले, की वाड्याच्या चौकाची रचनाच तशी असे. वाडा मोठ्याचा असो की भाडेकरूंनी गजबजलेला, मधला चौक आकाशाला उघडा. दुसऱ्या बाजीरावाने १८०७च्या सुमारास पुरा केलेला विश्रामबागवाडा आजही उभा आहे. त्याच्या चौकात जाऊन वर पाहिले तर आकाशाचा चौकोनी तुकडा दिसतो, आणि नजर खाली येते ती चारी बाजूंच्या सोप्यांवर आणि माडीच्या खांबांवर. भाड्याच्या वाड्यात त्या सोप्यांवर माणसे राहत. ऊन चौकात येई, ते सगळ्यांच्या पापडकुरडयांसाठी. पाऊस चौकात पडे, तो सगळ्यांच्या पन्हळींतून. चंद्र पाहायला मान वर केली, तर समोरच्या माडीवर कुणीतरी तोच चंद्र पाहत उभे असे, आणि चंद्रावरून नजर काढली की ती थेट त्या माणसावर पडे. चौकात आकाश आणि शेजारी एकाच उघडपणातून येत. एक घ्यायचे आणि दुसरे गाळायचे, अशी सोयच नव्हती. त्याचा जाचही पुष्कळ होता, हे मी विसरत नाही. कुणाच्या घरी काय शिजले, कोण रडले, कोण किती वाजता आले, हे सारे चौकाला ठाऊक असे. वाडे सोडून माणसे फ्लॅटमध्ये गेली, ती हौसेने आणि सुटकेचा निःश्वास टाकून गेली. तो निःश्वास खोटा नव्हता.

मोटारीच्या बाबतीत मात्र ही वाटणी पुरी झालेली दिसते. वरच्या काचेबद्दल आपण इतके बोललो. आता जरा बाजूच्या काचांकडे पाहा. आपल्याकडे गाडी घेतली की बाजूच्या काचांना काळे कागद चिकटवण्याची फार आवड. १९८९च्या मोटारवाहन नियमांनी पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असे ठरवले होते. ते कुणी मनावर घेत नव्हते. अखेर २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचांवर असे काळे कागद चिकटवायला बंदी घातली. काळ्या काचांआड गुन्हे घडतात, हे त्यामागचे मोठे कारण होते. कागद गेले, मग जाळीचे पडदे आले. कारण ऊन, असे सगळे सांगतात, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण ऊन नसलेल्या संध्याकाळीही ते पडदे तसेच असतात. म्हणजे ज्या माणसाने वर काच बसवायला लाखभर अधिक मोजायची तयारी ठेवली, तोच बाजूची काच झाकण्यासाठीही धडपडतो. आकाशाकडे गाडी उघडी, रस्त्याकडे बंद.

असे का व्हावे? मला एकच उत्तर सुचते. आकाश आपल्याकडे उलट पाहत नाही. ते काही मागत नाही, काही विचारत नाही. ढगाकडे टक लावून पाहिले, तर ढग हात पुढे करत नाही. बाजूच्या काचेतून मात्र जे दिसते, ते आपल्याकडेही पाहते.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. कर्वे रस्त्यावरच्या एका चौकात आम्ही लाल दिव्यासाठी थांबलो होतो. साडूंची धाकटी मुलगी मागे बसली होती. तिने वरच्या काचेतून एक ढग शोधून काढला. “काका, बघा, हत्ती!” तिने मला दाखवला, मी तिच्या आईला, आणि आम्ही तिघे माना वर करून पाहू लागलो. बाहेर, जाळीच्या पडद्याशी, त्याच वयाची एक मुलगी रांगोळीचे छाप विकायला उभी होती. तिने काचेवर टकटक केली असावी; बंद काचेतून आवाज आत येत नाही. आत सगळे वर पाहताहेत असे दिसल्यावर तिनेही मान वर केली. काय आहे ते पाहू लागली. तिला हत्ती दिसला की नाही, मला सांगता येणार नाही. दिवा हिरवा झाला.

वाचकांपैकी कुणी आता म्हणेल, मास्तर, मग काय करायला हवे होते? काच खाली करून छाप विकत घ्यायचा होता? पुण्यात असे किती चौक आणि अशी किती मुले! मी भीक घालण्याचा किंवा न घालण्याचा उपदेश करायला बसलेलो नाही. लहान मुलांकडून रस्त्यावर वस्तू घेऊ नयेत, त्याने त्यांची शाळा सुटते, असे म्हणणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे शिक्षक म्हणून मला विचारात घ्यावेच लागते. माझा प्रश्न देण्याघेण्याचा नाही. तो त्याच्याही आधीचा, पाहण्याचा आहे. एकच ढग दोन मुली पाहत होत्या, आणि गाडीची घडणच अशी होती, की आतल्या मुलीला ढग दिसावा आणि बाहेरची मुलगी दिसू नये.

साडूंशी मी हे बोललो. ते रागावले नाहीत. विचार करून उत्तर दिले, आणि ते उत्तर असे होते, की त्यावर मलाच गप्प बसावे लागले.

“मास्तर,” ते म्हणाले, “दिवसभर मी माणसंच बघतो. कुणाचा पगार कापला, कुणाचं बिल अडलं, कुणाला उचल हवी. प्रत्येक तोंडावर काहीतरी मागणं असतं. घरी आलो की घरचं. मग सुट्टीच्या दिवशी दोन घटका, जिथे कुणी काही मागत नाही, असं वर बघत बसावंसं वाटलं, तर तो गुन्हा आहे का?”

नाही, गुन्हा नाही. हे उत्तर मी पुष्कळ दिवस मनात ठेवून त्याच्याशी झगडलो आहे, आणि ते खोडून काढावे असे मला वाटत नाही. माणसांपासून घटकाभर सुटका हवीशी वाटणे ही मनाची भूकच आहे. ती नसती, तर रविवारी पहाटे सिंहगड चढणाऱ्यांची रीघ लागली नसती. आणि देहूचे तुकोबा संसाराच्या आणि गावाच्या गलबल्यातून उठून भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसले नसते. जे काही मागत नाही अशा एखाद्या विशाल गोष्टीपुढे बसल्याने माणूस धुऊन निघतो. पण तुकोबांचेच पाहा. ते डोंगरावर गेले आणि खाली परत आले. आणि जे घेऊन आले, ते गावासाठी होते. एकांत घेणारा माणूस खाली येतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत गाव मावेनासे होते, की पहिल्यापेक्षा अधिक मावते, यावर त्या एकांताची किंमत ठरते.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८८ साली लिहिलेल्या आपल्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या शेवटी दोन गोष्टी एकाच वाक्यात शेजारीशेजारी ठेवल्या आहेत: वरचे तारांकित आकाश आणि माणसाच्या अंतरंगातला नीतीचा नियम. या दोहोंनी मन आदराने भरून जाते, असा त्याचा आशय. मी मूळ जर्मन वाचलेले नाही. पण त्याने या दोन गोष्टींना एकत्र का आणले असावे, हे मला त्या चौकातल्या लाल दिव्यापाशी थोडेसे उमगले. आकाश पाहताना माणूस स्वतःला लहान समजतो. ती लहानपणाची भावना घेऊन तो शेजारच्या माणसाकडे वळला, तर शेजारी त्याच्या बरोबरीचा होतो. वळलाच नाही, तर ते आकाश म्हणजे डोक्यावर टांगलेले एक सुंदर चित्र; आणि चित्र पाहून कुणाचे कर्तव्य वाढल्याचे ऐकिवात नाही.

याच काचेचा एक सार्वजनिक अवतार आपल्या पुणेमुंबई मार्गावर आला आहे. जून २०२१मध्ये डेक्कन एक्सप्रेसला आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला डेक्कन क्वीनला व्हिस्टाडोम नावाचा डबा जोडला गेला. मोठमोठ्या खिडक्या, छताला काच, आणि गोल फिरणाऱ्या ४४ खुर्च्या. त्याचे तिकीटही काही कमी नाही. त्यातून सारा गाव प्रवास करतो असे मी म्हणणार नाही. पण त्या डब्यातून मी एकदा पावसाळ्यात गेलो, तेव्हा एक गंमत पाहिली. बोगदा संपून खंडाळ्याच्या घाटात गाडी उजेडात आली, की कुणीतरी ओरडे, “तो बघा, डावीकडे!” आणि सगळा डबा डावीकडे वळे. एका अनोळखी आजोबांना दिसले नाही, तर पलीकडच्या तरुणाने त्यांची खुर्ची फिरवून दिली. काच तीच, धबधबे तेच. पण तेथे ‘बघा’ म्हणायला शेजारी होता. सौंदर्य पाहिले की ते कुणाला तरी दाखवावेसे वाटते, हा मनुष्याचा स्वभाव आहे. घरच्या गाडीत आपण ते घरच्यांना दाखवतो. त्यात वाईट काही नाही. फक्त ते वर्तुळ तेवढेच राहते, आणि काच त्याची सीमा आखून देते.

तेव्हा सुखसोयीची परीक्षा कशी करावी, याचे माझ्यापुरते एक माप मी ठरवले आहे. ती महाग आहे की स्वस्त, गरजेची आहे की चैनीची, हे प्रश्न दुय्यम. तिने मला जगाच्या जवळ नेले की जगापासून वाचवले, हे मी पाहतो. ताम्हिणीच्या घाटात त्या काचेने एका पंगू झालेल्या बाईला पावसाच्या जवळ नेले, आणि पावसाच्या वाटेने तिच्या हरवलेल्या शेजाऱ्यांच्या जवळ नेले. कर्वे रस्त्यावर त्याच काचेने आम्हाला तिन्ही माणसांना, हातभर अंतरावरच्या एका मुलीपासून वाचवले. काचेत काही बदल झाला नव्हता. म्हणून काच घ्यावी की न घ्यावी, यावर मी निकाल देत नाही. ज्यांनी घेतली आहे त्यांनी पडदा अवश्य उघडावा, मुलांना ढगांतले हत्ती दाखवावेत, घरातल्या म्हाताऱ्यांना आधी बसवावे. फक्त वरचा पडदा उघडताना, ऊन नसेल तेव्हा, बाजूचा पडदाही उघडून पाहावा. देण्यासारखे काही नसले तरी चालेल. पाहणाऱ्याला पाहू द्यावे, आणि आपणही पाहावे. ढग सर्वांचाच आहे, एवढे तरी त्यातून दोन्हीकडच्या मुलांना कळेल.

आज घरोघर आकाशकंदील लागले असतील. पूर्वी कामट्या तासून, पतंगी कागदाला खळ लावून ते घरीच करत. आता बहुतेक विकतचे असतात. पण एक रीत बदललेली नाही. कंदील कुणी घरात लावत नाही. तो गच्चीच्या कठड्याला, खिडकीच्या बाहेर, गॅलरीत टांगतात. ज्याने पैसे दिले, जो शिडीवर चढला, त्याला घरात बसून त्याचा उजेड फारसा दिसत नाही. तो दिसतो रस्त्याने जाणाऱ्याला. रात्रपाळीहून परतणाऱ्याला, समोरच्या बांधकामावरच्या रखवालदाराला, कुणाही अनोळखी माणसाला. नाव आकाशाचे, उजेड रस्त्यासाठी, ही आपल्या आजीपणजींनी घालून दिलेली रीत आहे. आणि मला वाटते, त्यांनी ती समजूनच घातली असावी.